सिंदखेडचा वाडा आणि जांबचें घर

आपल्याकडे देवळांचीं वर्णनें पुष्कळ लिहिलीं गेलीं, किल्ल्यांचीं त्याहूनहि अधिक. घरांचीं वर्णनें करण्याची चाल मात्र आपणांत फारशी नाहीं. देऊळ गांवाचें, किल्ला राज्याचा, आणि घर ज्याचें त्याचें. तेव्हां दुसऱ्याच्या घरांत आपण काय पाहावयाचें, असा आपला भाव असतो. वास्तविक राज्यें उभारणारीं आणि समाजास वळण लावणारीं माणसें प्रथम घडतात तीं कुणाच्या तरी ओसरीवर आणि माजघरांत. म्हणून या महिन्यांत किल्ल्यांस व देवळांस थोडी रजा देऊन दोन घरांचा विचार करण्याचें योजिलें आहे.

हीं दोन्हीं घरें जालन्याच्या आसपासचीं. पहिलें म्हणजे सिंदखेड राजा येथील लखुजीराव जाधवांचा वाडा. येथें १२ जानेवारी १५९८ रोजीं जिजाबाईंचा जन्म झाला, असें आज सर्वत्र मानतात. दुसरें म्हणजे जांब येथील सूर्याजीपंत ठोसरांचें घर. तेथें शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ च्या रामनवमीस नारायण जन्मला. त्यासच पुढें महाराष्ट्रानें समर्थ रामदास म्हणून ओळखलें. दोन जन्मांत अंतर उणेंपुरें दहा वर्षांचें, आणि दोन्हीं गांवें जालन्यास मुक्काम ठेवून एका दिवसांत पाहून होतील इतकीं जवळ. एक घर देशमुखाचें, लढवय्या सरदाराचें. दुसरें कुळकर्ण्याचें, स्नानसंध्येचें.

जांब हें जालना जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांत आहे. सिंदखेड राजा मात्र सरकारी दप्तरांत बुलढाणा जिल्ह्याचें, म्हणजे वऱ्हाडाचें गांव. जालन्याहून नागपूरच्या जुन्या रस्त्यानें निघालें म्हणजे तासाभरांत तें लागतें, आणि आपण एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत आलों हें वाटेंतील पाटी वाचल्याशिवाय कळत नाहीं. जालना हा स्वतंत्र जिल्हाच मुळीं १ मे १९८१ रोजीं झाला. ज्या काळाविषयीं आपण बोलत आहों त्या काळीं यांपैकीं एकहि सीमा नव्हती. हा सारा मुलूख दौलताबादच्या छायेंतला, निजामशाहीच्या अमलांतला होता.

जाधव हे आपणांस देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवीत. सिंदखेडची देशमुखी लखुजीरावांकडे आली ती सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. आणि निजामशाहींतील एक मातबर सरदार म्हणून त्यांचें नांव झाल्यावर या गांवासहि एखाद्या लहानशा राजधानीचें रूप आलें. वाडा, रंगमहाल, काळा कोट, मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव, सजना बारव, निळकंठेश्वराचें व रामेश्वराचें देऊळ, अशीं स्थळें येथें आजहि पाहावयास मिळतात. बखरकारांची ती प्रसिद्ध कथा याच गांवची. रंगपंचमीच्या दिवशीं मालोजी भोसले आपला मुलगा शहाजी यास घेऊन आले असतां दोन्ही मुलें रंग खेळूं लागलीं, लखुजीरावांनीं थट्टेनें ‘जोडा शोभतो’ असे उद्गार काढले, आणि मालोजींनीं ती थट्टा शब्द म्हणून धरून ठेविली. इतिहासाच्या कसोटीस ही कथा उतरो वा न उतरो, लोकांनीं ती इतक्या आवडीनें जपली आहे कीं रंगमहाल दाखविणारा मनुष्य ती सांगितल्यावांचून पुढें जात नाहीं.

रस्त्यानें जाणाऱ्यास प्रथम दिसतें तें वाड्याचें महाद्वार. घडीव दगडांचें हें द्वार पाहून मनुष्य क्षणभर थबकतो, आणि आंत याच मापाचे चौक, सोपे आणि दिवाणखाने असतील अशी त्याची अपेक्षा होते. आंत गेल्यावर ती पुरी होत नाहीं. द्वाराच्या मानानें वाडा फारच थोडा उरला आहे. जोतीं आहेत, भिंतींचे खालचे भाग आहेत, तळघरें आहेत. आणि जिजाबाईंचें जन्मस्थान म्हणून दाखविण्यांत येणारा म्हाळसा महाल आहे. बाकी मोकळें आकाश. एवढें बळकट द्वार राहावें आणि त्याच्या आंतलें घर जावें, याचें कारण काय? केवळ शत्रूचे हल्ले आणि काळाचा महिमा म्हणून आपण सुटका करून घेतों. पण खरें कारण आपल्या जुन्या घरांच्या बांधणींतच आहे, आणि तें समजून घेण्यासारखें आहे.

आपला जुना वाडा हा एका जातीचा पदार्थ नव्हे. त्याचें जोतें काळ्या दगडाचें. त्यावर पुरुषभर उंचीपर्यंत घडीव दगड, पुढें वीट आणि चुना, किंवा साध्या घरांतून पांढरीची माती. या जाड भिंती बाहेरून अंगरख्यासारख्या. आंतला सांगाडा सर्व लाकडाचा: दगडी तळखड्यांवर उभे केलेले खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या. दोन खांबांमधील अंतरास खण म्हणावयाचें, आणि घर किती मोठें हें हातांनीं न मोजतां खणांनीं मोजावयाचें. दिंडीदरवाजांतून आंत गेलें कीं मराठवाड्याच्या वाड्यांत प्रथम ढाळज लागते. आल्यागेल्यानें बसावें तें येथें. पुढें चौक, चौकाभोंवतीं ओसरी, तिच्या मागें माजघर, देवघर, स्वयंपाकघर. धान्यासाठीं बळद आणि पेव. सर्वांत शेवटीं परसदार आणि विहीर. बाहेरच्या भिंतींस खिडक्या थोड्या, कारण काळ धामधुमीचा होता. उजेड आणि वारा घ्यावयाचा तो चौकांतून आणि छपराच्या सवण्यांतून.

आणि या सगळ्यावर माळवद. कोंकणांत किंवा घाटमाथ्यावर कौलारू उतरतें छप्पर लागतें, कारण तेथें पाऊस कोसळतो. जालना-परभणीकडे पाऊस बेताचा आणि ऊन मात्र कडक. म्हणून येथील लोकांनीं सपाट मातीचें छप्पर पसंत केलें. कड्यांवर फळ्या किंवा बारीक लाकडांचें किलचन पसरावयाचें, त्यावर पाला, त्यावर चिखल, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती पाणी पडलें कीं फुगून आपलीं छिद्रें आपणच बुजविते. उन्हाळ्यांत खालचें माजघर थंड राहतें, वर वाळवणें घालतां येतात, रात्रीं अंथरूणें टाकतां येतात. पण माळवदाची एक अट असते. दरवर्षीं मृगापूर्वीं त्यावर नवी माती घालावी लागते, उगवलेलें गवत मुळासकट उपटावें लागतें, पन्हाळी मोकळ्या कराव्या लागतात. आणि वर्षानुवर्षें माती चढून तिचा भार तुळयांस सोसेनासा झाला म्हणजे जुने थर उतरवावे लागतात. झडीच्या दिवसांत कोठें गळूं लागलें तर रात्रीं उठून, वर जाऊन, तेवढी जागा पायांनीं तुडवून यावी लागते. एक पावसाळा हें झालें नाहीं तर पाणी किलचनापर्यंत पोंचतें. दुसऱ्या पावसाळ्यांत कडी कुजते. तिसऱ्यांत तुळई वाकते. तुळई वांकली कीं भिंतीचा माथा उघडा पडतो, आणि मग मातीची भिंत म्हणजे पावसास वाढून ठेविलेलें पान.

म्हणून आपला वाडा बांधून पुरा होत नसतो. पाया घालणारा गवंडी त्याची सुरुवात करतो. त्यास उभें ठेवितात तीं घरांत राहणारीं माणसें. दगडी द्वारास हें लागत नाहीं. तें राखणदाराशिवायहि चार शतकें उभें राहतें. घरास रोजचा हात लागतो.

सिंदखेडच्या वाड्यावरचा हा हात कसा निघाला, तें पाहण्यासारखें आहे. लखुजीरावांनीं इ. स. १६२१ च्या सुमारास निजामशाही सोडून मोंगलांची चाकरी धरिली. पुढें ते पुन्हां निजामशाहींत परतले. २५ जुलै १६२९ रोजीं दौलताबादेच्या दरबारांत मुजऱ्यास गेले असतां ते, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी, आणि नातू यशवंतराव, या चौघांस दगा करून ठार मारण्यांत आलें. एका दिवसांत तीन पिढ्या गेल्या. या वेळीं जिजाबाईंस शिवाजीराजांचे दिवस गेले होते. पुढच्याच वर्षीं, १९ फेब्रुवारी १६३० रोजीं, शिवनेरीवर त्यांचा जन्म झाला. माहेरची बातमी त्यांस कोणीं व कशी सांगितली असेल, याची कल्पना आपल्या वाचक भगिनींनींच करावी. सासर आणि माहेर यांचें वांकडें आल्याचें दुःख त्यांनीं आधींच सोसलें होतें. आतां तर रुसून जावयासहि माहेर उरलें नाहीं.

जाधवांचें घराणें तेथें संपलें नाहीं. त्याच्या शाखा देऊळगांव राजा, किनगांव राजा, आडगांव राजा अशा भोंवतालच्या गांवांतून नांदल्या. परंतु सिंदखेड हें धामधुमीच्या वाटेवरचें गांव होऊन बसलें. इ. स. १७५७ मध्यें पेशवे आणि निजाम यांची लढाई याच गांवापाशीं झाली, आणि जवळच साखरखेर्ड्यास त्यांचा तह झाला. पुढें इ. स. १८५१ मध्यें घराण्याचे प्रमुख बाजीराव यांच्या पदरच्या अरबांनीं निजामाच्या फौजेशीं लढाई केली. त्या कारणानें वतनी जहागीर जप्त झाली, आणि इ. स. १८५६ मध्यें बाजीराव कैदेंतच वारले. मध्यंतरीं, इ. स. १८५३ मध्यें, वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला होता. जहागीर गेल्यावर माळवदावर माती कोणीं घालावयाची?

आतां या गांवांत काय टिकलें तें पाहिलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. टिकलीं तीं पाण्याचीं कामें. मोती तलाव आहे, चांदणी तलाव आहे. पुतळा बारवेच्या भिंतींवरील मूर्ति अजून पाहणाऱ्यास पायऱ्या उतरावयास लावितात. हीं कामें दगडाचीं म्हणून टिकलीं हें खरेंच. पण तीं सर्वांच्या उपयोगाचीं होतीं हेंहि तितकेंच खरें. गांवाबाहेर लखुजीरावांची समाधि आहे, तीहि उभी आहे. मोठ्या चौथऱ्यावरील घुमटाची ही इमारत, दख्खनी कारागिरांच्या हातांतील मुसलमानी व हिंदू वळणांचा मेळ तींत स्पष्ट दिसतो. भारतीय पुरातत्त्व खात्यानें इ. स. २०२४ मध्यें तिच्या परिसरांत सफाई व उत्खनन केलें, तेव्हां एका जुन्या देवळाचा पाया आणि शेषशायी विष्णूची मोठी, सुंदर मूर्ति सांपडली. जाधवांच्याहि शतकें आधीं हें गांव नांदत होतें, याची ती साक्ष.

जिजाबाईंच्या दुसऱ्या घराचीहि हीच कथा आहे. रायगडाच्या पायथ्याशीं पाचाड येथें त्यांच्यासाठीं वाडा बांधिला होता. गडावरची हवा त्यांस मानवत नसे म्हणून. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनीं, १७ जून १६७४ रोजीं, तेथेंच त्यांनीं देह ठेविला. आज पाचाडास तट आहे, जोतीं आहेत, आणि पाण्याची विहीर आहे. विहिरीपाशीं टेकून बसण्याचा दगडी तक्क्या आहे, म्हणून लोक तिला तक्क्याची विहीर म्हणतात. जन्माच्या घरीं आणि मृत्यूच्या घरीं, दोन्हींकडे दगड राहिला, पाणी राहिलें, आणि छप्पर गेलें.

आतां जांबास येऊं. येथें महाद्वार नाहीं, कोट नाहीं. गोदावरीच्या खोऱ्यांतलें तें एक साधें गांव. सूर्याजीपंत ठोसर सूर्याचे उपासक. पत्नीचें नांव राणूबाई. थोरला मुलगा गंगाधर, धाकटा नारायण. या घराविषयीं दोन कथा महाराष्ट्रांत लहान मुलांसहि ठाऊक आहेत, आणि दोन्हीं कथांत घराचा एकेक कोपरा आहे. पहिली अडगळीच्या खोलीची. मुलगा संसाराकडे लक्ष देत नाहीं म्हणून आई रागावली, तेव्हां नारायण अंधाऱ्या खोलींत जाऊन बसला. शोधून काढल्यावर काय करीत होतास असें विचारतां, जगाची काळजी वाहत होतों असें त्यानें उत्तर दिलें. दुसरी कथा ओसरीची. बाराव्या वर्षीं लग्नाच्या बोहल्यावरून नारायण निघून गेला. नाशिकजवळ टाकळीस बारा वर्षें तप, पुढें बारा वर्षें देशभर तीर्थाटन, आणि मग गोसाव्याच्या वेषांत आपल्याच दाराशीं येऊन त्यानें भिक्षेची हांक दिली. आईचे डोळे तोंवर गेले होते. चोवीस वर्षांनीं तिनें मुलास ओळखलें तें त्या एका हांकेवरून.

ज्या ओसरीवर हें घडलें तिची मूळची तुळई आज कोणी दाखवूं शकत नाहीं. घराच्या जागीं आतां समर्थांचें मंदिर आहे, आणि गांवांत राममंदिर आहे. शिल्पाच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास सिंदखेडच्या एका महाद्वाराची सर या सगळ्यास नाहीं. पण येथें रोज सडा पडतो, दिवा लागतो, रामनवमीचा उत्सव होतो. इ. स. २०२२ च्या ऑगस्टमध्यें राममंदिरांतील पंचधातूच्या मूर्ति चोरीस गेल्या, तेव्हां साऱ्या मराठवाड्यांत हळहळ झाली. पुढें पोलिसांनीं त्या शोधून आणल्या. जेथें माणसांचा रोजचा वावर आहे तेथें उणीव तात्काळ जाणवते. ओसाड घरांतील कोरीव खांब एकेक करून गेले तरी त्याची वर्दी द्यावयास कोणी नसतें.

सिंदखेडास दगड राहिला आणि वावर गेला. जांबास वावर राहिला आणि जुनें लाकूड गेलें. दोन्हींतून एकेक अर्धें घर आपल्यापर्यंत आलें आहे. दोन्ही अर्धीं एकत्र कशीं राहतील, हा खरा प्रश्न.

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा नाहीं. वेल्स प्रांतांत रेक्सहॅम गांवाजवळ एर्दिग नांवाचा एक जुना जमीनदारी वाडा आहे. इ. स. १६८४ ते १६८७ या काळांत तो बांधला गेला. बांधणारा कर्जांत बुडाला, आणि इ. स. १७३३ पासून दोनशें चाळीस वर्षें तो यॉर्क घराण्याकडे राहिला. या घराण्याची एक आगळी चाल होती. धन्यांबरोबर सुतार, स्वयंपाकीण, माळी, मोलकरीण अशा घरच्या चाकरमाणसांचींहि चित्रें, आणि पुढें छायाचित्रें, काढवून तीं त्यांवर केलेल्या कवितांसह घरांत लावीत. विसाव्या शतकांत वाड्याखालून कोळशाच्या खाणी गेल्या, जमीन खचली, छप्पर गळूं लागलें. शेवटच्या अविवाहित मालकानें इ. स. १९७३ मध्यें सारा वाडा सामानसुमानासह नॅशनल ट्रस्ट या संस्थेस देऊन टाकला. संस्थेनें तो दुरुस्त केला, आणि पाहुण्यांस आंत घेण्याची वाट ठेविली ती दर्शनी दारानें नव्हे, तर कामाच्या आवारांतून व चाकरांच्या खोल्यांतून. घर कोणाच्या हातांवर उभें असतें हें त्या लोकांनीं अचूक ओळखलें. आपल्या वाड्यांवर माती घालणाऱ्या हातांचीं नांवें आपण कोठें लिहून ठेविलीं?

हें लिहिण्याचें कारण असें, कीं आज आपल्यापैकीं पुष्कळ कुटुंबांपुढें हाच प्रश्न उभा आहे. गांवाकडे वाडा आहे. भाऊ चार शहरांत आहेत. वाड्यांत एखादी वृद्ध काकू किंवा कुलूप राहतें. वांटणी होत नाहीं म्हणून दुरुस्ती होत नाहीं, आणि दुरुस्ती होत नाहीं म्हणून शेवटीं वांटण्यासारखें कांहीं राहत नाहीं. प्रत्येक वाडा राखणें शक्य नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. पण कांहीं गोष्टी तर करतां येतील. छपराचा खर्च सर्वांनीं मिळून, वांटणीच्या निकालाची वाट न पाहतां, दर उन्हाळ्यांत करावा. कारण छप्पर राहिलें तर भांडावयास घर राहील. खण मोजून वाड्याचा नकाशा काढावा. ढाळज, बळद, बाळंतिणीची खोली, कोणत्या कोनाड्यांत कोणता दिवा लागे, हें सारें घरांतील वडील स्त्रियांस विचारून लिहून घ्यावें. हें ज्ञान बहुधा त्यांच्याचपाशीं आहे. दप्तरें, कागद, जुनीं पत्रें रद्दींत जाऊं देऊं नयेत. आणि विहीर असेल तर ती बुजवूं नये, गांवास मोकळी करावी. सिंदखेडानें शिकविलेला हा धडा आहे.

१२ जानेवारीस सिंदखेडास दूरदूरचे लोक लोटतात. बाया लेंकरें कडेवर घेऊन त्या महाद्वारांतून आंत जातात आणि म्हाळसा महालाच्या उंबऱ्यास हात लावून परततात. लखुजीरावांनीं वाडा बांधिला तो आपल्या पुत्रपौत्रांनीं नांदावें म्हणून. आज त्या वाड्यास लोक ओळखतात तें लग्न होऊन सासरीं गेलेल्या एका मुलीच्या नांवानें. घर कोणामुळें नांवारूपास येईल हें बांधणाऱ्यास ठाऊक नसतें. तेव्हां छप्पर शाबूत ठेवणें एवढेंच त्याच्या हातीं असतें. यंदाच्या मृगास अजून अवकाश आहे.